टोलपडलचं जुनं चॅपेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट परगण्यात टोलपडल नावाचं लहानसं गाव आहे. तिथे मातीच्या भिंतींची एक खोली उभी आहे. १८१८ मध्ये गावातल्या मेथडिस्ट मंडळींनी ती प्रवचनासाठी बांधली, पुढे ती शेतीचं कोठार झाली आणि दीडशेहून जास्त वर्षांनी पुन्हा माणसांसाठी उघडली. याच गावच्या सहा शेतमजुरांना संघटना काढली म्हणून १८३४ मध्ये काळ्या पाण्याची शिक्षा झाली; 'टोलपडलचे हुतात्मे' म्हणून ते प्रसिद्ध आहेत. जुन्या माती-चुन्याच्या बांधकामांची मला ओढ आहे, म्हणून या खोलीबद्दल मी जमेल तिथे बोलत आले. ऐकणारे मराठी लोक, इकडचे असोत की तिकडचे, जवळपास तेच तेच विचारतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकत्र मांडली आहेत.

चॅपेल म्हणजे छोटं चर्च का?

आकारावरून तसं वाटतं, पण फरक आकाराचा नाही. इंग्लंडमधल्या गावात 'चर्च' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येतं ते राजमान्य अँग्लिकन पंथाचं, गावाच्या मध्यावरचं, मनोऱ्याचं आणि घंटेचं दगडी देऊळ. त्या पंथाबाहेरच्या लोकांनी स्वतःच्या पैशाने बांधलेली जागा म्हणजे चॅपेल. बहुतेक वेळा ती गावाच्या कडेला, नाहीतर एखाद्या गल्लीत असते, कारण गावातली चांगली जमीन जमीनदाराकडे असे आणि जमीनदार अँग्लिकन असे. कोण चर्चला जातो आणि कोण चॅपेलला, यावरून गावात माणसाची जागा ओळखली जायची.

मेथडिस्ट नेमके कोण?

जॉन वेस्ली (१७०३ ते १७९१) हा अँग्लिकन धर्मगुरूच होता. मात्र तो घोड्यावर बसून गावोगाव फिरला आणि उघड्या माळावर, खाणींच्या तोंडाशी प्रवचनं करत राहिला. खाणमजूर, विणकर, शेतमजूर, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसवले जाणारे लोक, त्याच्याभोवती जमले. वेस्ली आणि त्याच्या सुरुवातीच्या सोबत्यांचं शिस्तबद्ध वागणं पाहून इतरांनी ठेवलेलं 'मेथडिस्ट' हे नाव पुढे सगळ्यांनी अभिमानाने स्वीकारलं. वेस्लीच्या पश्चात त्यांच्यातही फुटी झाल्या. १८०७ मध्ये मो कॉप टेकडीवर भरलेल्या खुल्या मेळाव्यातून पुढे प्रिमिटिव्ह मेथडिस्ट निघाले आणि १८१५ मध्ये डेव्हनमध्ये बायबल ख्रिश्चन निघाले. टोलपडलचे लोक मूळ वेस्लियन शाखेतले.

आधी घराघरांत बैठका चालत होत्या, मग इमारत कशाला?

घर पुरेनासं झालं की इमारत लागते, हे एक कारण. दुसरं कायद्याचं. १८१२ च्या कायद्यानुसार २० पर्यंत लोक परवान्याशिवाय उपासनेसाठी जमू शकत होते. त्याहून जास्त लोक जमायचे असतील तर जागेची नोंद करावी लागे. त्यामुळे नोंदलेली, स्वतःची जागा असली की गावातल्या बड्या धेंडांच्या मर्जीवर काही राहत नसे.

या लोकांच्या इमारती आणि त्यांची संघटना एकमेकांत किती गुंतलेल्या होत्या, हे सांगणारी एक गोष्ट मला फार आवडते. मेथडिस्टांची सगळ्यात जुनी इमारत म्हणजे ब्रिस्टलची 'न्यू रूम', १७३९ ची. तिच्या बांधकामाचं कर्ज डोक्यावर बसलं. ते कसं फेडायचं यावर १७४२ मध्ये चर्चा झाली तेव्हा एकाने सुचवलं की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांकडून पेनी कशी मिळणार, असा प्रश्न आला. तेव्हा तोच म्हणाला, बारा-बारा जणांचे गट करा, एकेक गट एकेकाकडे द्या, आणि ज्याला जमणार नाही त्याची पेनी गटप्रमुखाने भरावी. कर्ज फिटलं, पण गट राहिले. आठवड्याला भेटणं, एकमेकांची विचारपूस करणं, वर्गणी आणि हिशोब ही मेथडिस्टांची सगळी घडी त्या इमारतीच्या कर्जातून बसली. टोलपडलमध्ये ही पेनी पुन्हा भेटेल.

टोलपडलचं चॅपेल दिसतं कसं?

साधं. मनोरा नाही, घंटा नाही, दारावर कोरीवकाम नाही. माती, वीट आणि दगड यांच्या भिंती, वर उतरतं छप्पर आणि आत एकच खोली. रस्त्याने जाताना माहीत नसेल तर शेतावरची खोप म्हणून नजर पुढे सरकेल. आत बाकांचा किंवा व्यासपीठाचा थाट शोधू नका. बघायचं ते भिंतींकडे, खोलीच्या मापाकडे आणि आत शिरणाऱ्या उजेडाकडे.

इंग्लंडमध्ये वारसा इमारतींचे तीन दर्जे असतात: एक, दोन-तारांकित आणि दोन. टोलपडलचं चॅपेल मधल्या, दोन-तारांकित दर्जाचं आहे. इंग्लंडमधल्या यादीतल्या इमारतींपैकी सुमारे ५.८ टक्केच या दर्जात बसतात. हा मान मातीच्या एका खोलीला मिळाला, यात तिच्या दिसण्यापेक्षा तिच्यात बसून गेलेल्या माणसांचा वाटा मोठा आहे.

मातीच्या भिंती? इंग्लंडच्या पावसात?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि उत्तर द्यायलाही मला सगळ्यात जास्त आवडतो.

डेव्हन, कॉर्नवॉल आणि डॉर्सेट या भागांत मातीची भिंत ही शेकडो वर्षांची रीत आहे. तिथे तिला 'कॉब' म्हणतात. शेतातली वरची काळी माती काढून टाकायची, खालची चिकण माती घ्यायची, तीत गव्हाचं काड आणि पाणी घालून पायांनी किंवा जनावरांकडून तुडवून घ्यायची. डॉर्सेटमध्ये खडूचा दगड मुबलक, त्यामुळे त्याचा चुराही मातीत जातो. साचा वगैरे काही नाही. दगडाच्या जोत्यावर काट्याने मातीचा थर रचायचा, फूट-दीड फूट किंवा थोडा जास्त, आणि तो वाळेपर्यंत थांबायचं. मग पुढचा थर. शेवटी बाजू तासून सरळ करायच्या. अशी भिंत दोन फुटांच्या आसपास जाड होते. घाई केली तर खालचा थर बसतो आणि भिंत पोट काढते.

आपल्याकडे मराठवाड्यात, सोलापुरात पांढऱ्या मातीची घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. दगडाचं जोतं, वर मातीची जाड भिंत, उन्हाळ्यात आत गारवा. फरक छपराचा. आपलं धाबं सपाट, कारण पाऊस कमी. तिथला पाऊस बारमाही, म्हणून उतरतं छप्पर आणि लांब वळचण. तिकडचे लोक म्हणतात, मातीच्या भिंतीला चांगली टोपी आणि चांगले बूट द्या, ती मरत नाही. टोपी म्हणजे छप्पर, बूट म्हणजे जोतं. पागोळ्या भिंतीपासून दूर पडल्या आणि जमिनीची ओल जोत्याच्या वर चढली नाही, तर मातीची भिंत दोनशे वर्षं सहज उभी राहते.

तिला मारतो तो पाऊस नव्हे, सिमेंट. विसाव्या शतकात कितीतरी मातीच्या घरांना 'मजबुती' म्हणून सिमेंटचा गिलावा लागला. सिमेंटला बारीक तडे जातात, पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट मिळत नाही. भिंत आतून भिजत जाते. वरून सगळं ठाकठीक दिसतं आणि एक दिवस कोपरा खाली बसतो. चुन्याचा गिलावा ओल घेतो आणि सोडतो, म्हणून मातीच्या भिंतीला चुनाच हवा. ही गोष्ट डॉर्सेटइतकीच आपल्या गावच्या वाड्यालाही लागू आहे. दुरुस्तीच्या नावाखाली वाड्याच्या भिंतींवर सिमेंट फासलेलं पाहिलं की जीव कळवळतो.

मेथडिस्ट चॅपेल अष्टकोनी असतात ना?

काही आहेत. १७५७ मध्ये वेस्लीने नॉर्विचमधलं दुसऱ्या एका पंथाचं अष्टकोनी प्रार्थनागृह पाहिलं आणि तो आकार त्याच्या मनात भरला. आवाज सगळीकडे सारखा पोचतो म्हणून जमीन परवानगी देईल तिथे अष्टकोनी बांधा, असा नियमच त्याने अनुयायांना घालून दिला. यॉर्कशरमधल्या हेप्टनस्टॉलचं १७६४ चं अष्टकोनी चॅपेल आजही उभं आहे. त्याच्या छताचा सांगाडा रॉदरहॅमला तयार करून डोंगरांवरून घोड्यांच्या पाठीवर आणला, असं सांगतात. पण आठ कोपरे म्हणजे जास्त खर्च, जास्त कारागिरी. खेड्यातल्या लोकांनी आवाजाचा मुद्दा घेतला आणि आकार चौकोनीच ठेवला.

आत चित्रं, मूर्ती, रंगीत काचा काहीच का नसतं?

कारण ही खोली डोळ्यांसाठी नाही, कानांसाठी आहे. वेस्लीच्या काळात तर या इमारतींना चॅपेलही न म्हणता 'प्रवचनगृह' म्हणत. जुन्या चर्चमध्ये लांब दालनाच्या टोकाला वेदी असते आणि सगळं तिच्याकडे बघत चालतं. मेथडिस्ट खोलीत मध्यभागी असतं ते बोलणाऱ्याचं उंच व्यासपीठ. बऱ्याच जुन्या खेड्यांतल्या चॅपेलमध्ये ते लांब भिंतीच्या मधोमध, दोन उंच कमानदार खिडक्यांच्या मध्ये असे, म्हणजे ऐकणारे अर्धवर्तुळात जवळ बसत. कीर्तनाला माणसं बुवांभोवती कशी बसतात ते आठवा. खांबाआड कोणी नको, शेवटच्या माणसाला शब्द ऐकू आला पाहिजे.

खिडक्या मोठ्या आणि काच साधी, कारण प्रत्येकाच्या हातात पदांचं पुस्तक. मेथडिस्ट गात गात वाढले, आणि गाण्यासाठी वाचता आलं पाहिजे, वाचण्यासाठी उजेड पाहिजे. संख्या वाढली की खोली न वाढवता तीन बाजूंनी माडी काढत आणि तिला ओतीव लोखंडाचे बारीक खांब देत. माडीच्या कठड्यावर, बोलणाऱ्याच्या समोर, घड्याळ टांगायची पद्धत होती. ते कोणासाठी असे, हे वेगळं सांगायला नको.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गॉथिक वळणाची हौस आली. टोकदार कमानी, उंच कळस, 'खऱ्या' चर्चसारखं दिसण्याची धडपड. मला ती चॅपेल तितकी भावत नाहीत. त्यात बांधणाऱ्यांचा आत्मविश्वास दिसण्याऐवजी शेजाऱ्याची बरोबरी दिसते.

एखाद्या गावात जुनी इमारत चॅपेल होती हे कसं ओळखायचं?

त्रिकोणी दर्शनी भिंतीवर वरच्या बाजूला दगडाची पाटी शोधा. तीवर साल आणि बहुतेक वेळा बायबलमधलं नाव असतं: एबेनेझर म्हणजे मदतीचा दगड, बेथेल म्हणजे देवाचं घर, सालेम म्हणजे शांती. नंतरच्या काळातल्या चॅपेलच्या पायाजवळ नावं कोरलेल्या दगडांची ओळ असते. ते वर्गणीदार. एकेका दगडामागे रक्कम ठरलेली असे आणि तो बसवण्याचा समारंभ होई. कुठे विटांवर नुसती आद्याक्षरं दिसतात. ती वाचत उभं राहिलं की गावची अर्धी वंशावळ डोळ्यांसमोरून जाते.

त्या प्रसिद्ध सहा जणांचा या चॅपेलशी काय संबंध?

ते याच गावचे, आणि त्यांतले बहुतेक मेथडिस्ट. जॉर्ज लव्हलेस १७९७ चा, म्हणजे चॅपेल बांधलं तेव्हा एकवीस वर्षांचा. शेतमजूर, स्वतःच्या जिद्दीने वाचायला शिकलेला आणि मेथडिस्टांचा स्थानिक उपदेशक. त्याचा भाऊ जेम्स, मेहुणा थॉमस स्टँडफील्ड, भाचा जॉन स्टँडफील्ड, आणि जोडीला जेम्स हॅमेट आणि जेम्स ब्राइन.

तेव्हा शेतमजुरांची आठवड्याची मजुरी ९ शिलिंगांवरून घसरत ७ वर आली होती आणि ६ करण्याची भाषा चालली होती. १८३३ च्या शेवटी त्यांनी शेतमजुरांची 'मित्रसंस्था', म्हणजे वर्गणीवर चालणारी संघटना, काढली आणि सभासदांना गुप्ततेची शपथ दिली. संघटना काढणं तेव्हा बेकायदा नव्हतं. मग पकडायचं कशाखाली? जेम्स फ्रॅम्प्टन या स्थानिक दंडाधिकाऱ्याने गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांना लिहिलं, आणि नौदलातल्या बंडानंतर १७९७ मध्ये केलेला गुप्त शपथांविरुद्धचा कायदा उकरून काढला गेला. २४ फेब्रुवारी १८३४ च्या पहाटे सहाही जणांना उचललं. मार्चमध्ये डॉर्चेस्टरच्या कोर्टाने सात वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. जॉर्जला टास्मानियात, बाकीच्यांना न्यू साउथ वेल्समध्ये पाठवलं. मागे राहिलेल्या बायकामुलांना सरकारी मदतही नाकारली गेली.

२१ एप्रिलला लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, लाखोंच्या सह्या झाल्या. १८३६ मध्ये माफी मिळाली. तरी परत यायला वेळ लागला: जॉर्ज १८३७ मध्ये आला, हॅमेट १८३९ मध्ये. हॅमेट सोडून बाकी पाचही जण पुढे कॅनडात जाऊन स्थायिक झाले.

म्हणजे कामगार संघटना या चॅपेलमध्ये स्थापन झाली?

नाही. ही चूक बरेच जण करतात. ९ डिसेंबर १८३३ ची ती शपथ थॉमस स्टँडफील्डच्या घरात, माडीवरच्या खोलीत झाली. गावच्या हिरवळीवरच्या सिकॅमोर झाडाखाली ते जमत, असं परंपरा सांगते, आणि ते झाड अजून आहे.

पण चॅपेलने त्यांना जे दिलं ते शपथेहून मोठं होतं, असं मला ठामपणे वाटतं. चार लोकांपुढे उभं राहून बोलायचं कसं, सभा चालवायची कशी, नियम लिहायचे कसे, पैशाचा हिशोब ठेवायचा कसा. जमीनदाराच्या शेतात वाकलेल्या माणसाला या गोष्टी शिकायला गावात दुसरी जागाच नव्हती. आणि त्या मित्रसंस्थेची वर्गणी बघा: प्रवेशाला एक शिलिंग, मग आठवड्याला एक पेनी. ब्रिस्टलमध्ये इमारतीचं कर्ज फेडायला बसवलेली घडी नव्वद वर्षांनी शेतमजुरांच्या हातात अगदी ओळखीच्या रूपात दिसते. पुढेही ही परंपरा चालू राहिली. १८७२ मध्ये राष्ट्रीय पातळीवर शेतमजूर संघटना उभी करणारा जोसेफ आर्च हाही प्रिमिटिव्ह मेथडिस्ट उपदेशक होता.

चॅपेल बंद कधी पडलं?

प्रवचनगृह म्हणून त्याचं आयुष्य जेमतेम पाव शतकाचं. १८४० च्या दशकात ते हातातून गेलं आणि शेतीच्या कामाला लागलं. १८६० च्या दशकात मेथडिस्टांनी गावात दुसरं चॅपेल बांधलं. त्याच्यापुढे १९१२ ची, सहा जणांच्या स्मरणार्थ उभारलेली कमान आहे. बरेच पर्यटक तीच इमारत 'त्या लोकांचं चॅपेल' समजून फोटो काढून जातात.

इतक्या मोलाच्या जागेचं कोठार झालं, ही विटंबना नाही का?

मलाही आधी तसंच वाटलं होतं. आता वाटत नाही. शेतकऱ्याला माल कोरडा ठेवायचा होता, म्हणून छप्पर टिकलं. छप्पर टिकलं म्हणून माती टिकली. त्याने खोली पाडून मोठी केली नाही की मध्ये भिंती घालून घर केलं नाही. दीडशे वर्षं एका खोलीची एकच खोली राहिली. अनेक चॅपेलच्या वाट्याला एवढं भाग्य आलेलं नाही. खरा धोका आला तो नंतर, जेव्हा कोठाराचीही गरज संपली. रिकाम्या मातीच्या इमारतीकडे कोणी रोज बघत नाही, आणि छपरावरची एक सरकलेली स्लेटची फरशी दोन पावसाळ्यांत काय करते ते दोन पावसाळ्यांनंतरच कळतं. चॅपेल धोक्यातल्या वारसा इमारतींच्या यादीत गेलं ते त्यामुळेच.

ते वाचवलं कोणी?

गावकऱ्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या मंडळींनी. टोलपडल ओल्ड चॅपेल ट्रस्ट स्थापन झाला, त्याने २०१० च्या दशकात इमारत ताब्यात घेतली, निधी जमवला, आणि नॅशनल लॉटरी हेरिटेज फंडानेही मदत केली. विचार असा की जागा शांत बसायला, गावाच्या छोट्या कार्यक्रमांना आणि इतिहास सांगायला वापरायची. तिला पुन्हा मूळ रूपाचं सोंग द्यायचा मोह टाळणं हे अशा कामात सगळ्यात अवघड असतं. जुन्या भिंतीवर कोठाराच्या काळाच्या खुणा असतात, त्याही तिच्याच आयुष्याचा भाग आहेत.

ब्रिटनमध्ये खेड्यांतली इतकी चॅपेल ओस का पडली?

लोक शहरांत गेले, शिसं आणि कथिलाच्या खाणी बंद पडल्या, उपासनेला जाणं कमी झालं, ही कारणं सगळ्यांना सुचतात. एक खास मेथडिस्ट कारणही आहे. फुटींच्या काळात एकेका खेड्यात दोन-दोन, तीन-तीन शाखांची चॅपेल उभी राहिली. १९३२ मध्ये वेस्लियन, प्रिमिटिव्ह आणि युनायटेड या तिन्ही शाखा एक झाल्या. भांडण मिटलं, पण शंभर पावलांवर दोन चॅपेल, दोन छपरं, दोन गळती. कोणाच्या आजोबांनी बांधलेलं बंद करायचं, यावर कितीतरी गावांत पुढची काही दशकं मनं दुखावलेली राहिली.

देवाची जागा विकणं त्यांना चालतं?

चालतं. मेथडिस्ट परंपरेत इमारत स्वतः पवित्र मानत नाहीत. ती उपासनेसाठी अर्पण केलेली असते. शेवटची उपासना होते, आभार मानले जातात, दार बंद होतं. तरी रडू येतंच.

विक्रीच्या कागदांत मात्र जुनी मूल्यं दिसतात. मेथडिस्टांचा दारूला आणि जुगाराला कडवा विरोध, त्यामुळे अनेक चॅपेल विकताना तिथे दारू विकायची नाही, जुगार चालवायचा नाही, अशा अटी घातलेल्या असतात. घेणाऱ्याने वकिलाकडून जुने दस्तऐवज वाचून घ्यावेत.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. असं चॅपेल घेऊन घर करायचा विचार आहे. सल्ला?

आधी एक दिवस त्या खोलीत नुसते बसा. चॅपेल म्हणजे एक मोठी, उजेडाची, उंच खोली. घराला लागतात पाच लहान खोल्या. सगळी ओढाताण इथेच आहे. उंच खिडकीच्या मधोमध नवा मजला टाकला की खाली अंधार आणि वर गुडघ्याएवढी खिडकी, अशी दोन्हीकडून खोली बिघडते. शक्य असेल तर निम्मी खोली पूर्ण उंचीची ठेवा. झोपायच्या खोल्या मागे रविवारच्या शाळेची खोली असेल तर तीत, किंवा माडीखाली बसवा. न्हाणीघर-स्वयंपाकघर मूळ भिंतींना न चिकटवता, उद्या काढता येईल असं करा.

परवानगीचं म्हणाल तर उपासनास्थळाचं घर करायला नियोजन परवानगी लागतेच. इमारत वारसा यादीत असेल तर वेगळी संमती. चालू चॅपेलना त्यांच्या पंथाच्या व्यवस्थेतून मंजुरी घेण्याची सवलत असते, ती बंद झालेल्या इमारतीला मिळत नाही. छतात वटवाघळं निघाली तर १९८१ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. काम थांबतं, तज्ज्ञ बोलवावा लागतो. आवारात कबरी असतील तर १८८४ पासूनचे कायदे त्या जमिनीवर बांधकामाला आडवे येतात, आणि नातेवाईक फुलं ठेवायला येत राहतात. त्यांचं येणं ओझं वाटणार असेल तर ती जागा घेऊ नका.

खोली अखंड ठेवून केलेला चांगला वापर कुठे पाहायला मिळेल?

चेशरमधलं एंगल्सी ब्रूक, १८२८ चं प्रिमिटिव्ह मेथडिस्टांचं छोटं चॅपेल, आज त्या शाखेचं संग्रहालय आहे. त्या शाखेचा एक संस्थापक ह्यू बोर्न याची कबरही तिथेच आहे. उत्तरेकडे वीअरडेल खोऱ्यात, शिशाच्या खाणींच्या मुलखात, आयर्सहोपबर्नचं हाय हाउस चॅपेल १७६० चं. अडीचशेहून जास्त वर्षं चालून ते २०१९ मध्ये बंद झालं. शेजारच्या धर्मोपदेशकाच्या घरात असलेल्या वीअरडेल संग्रहालयाने ते वाचवण्याचं काम हाती घेतलं. बीमिश इथल्या खुल्या संग्रहालयात तर एकोणिसाव्या शतकातलं एक वेस्लियन चॅपेल मूळ जागेवरून उचलून नव्याने उभारलं आहे. बाकं, दिवे, व्यासपीठ सगळं आहे. जमीन मात्र त्याची नाही, आणि माझ्या मते चॅपेलचा अर्धा अर्थ त्याच्या जमिनीत असतो.

महाराष्ट्राशी काही नातं आहे का?

इमारतीच्या घडणीचं म्हणाल तर थेट नाही. मुंबईतलं मेथडिस्ट काम १८७० च्या दशकात अमेरिकी शाखेने सुरू केलं. त्या परंपरेतूनच १९८१ मध्ये स्वायत्त मेथडिस्ट चर्च इन इंडिया झालं. टोलपडलच्या, म्हणजे ब्रिटिश परंपरेचा धागा नागपुरात सापडतो. २९ नोव्हेंबर १९७० ला तिथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा त्यात सामील झालेल्या पंथांमध्ये ब्रिटिश परिषदेशी, म्हणजे तिथल्या मेथडिस्टांच्या मुख्य सभेशी, जोडलेले मेथडिस्टही होते.

टोलपडलला जायचं तर कसं, आणि काय पाहावं?

गाव डॉर्चेस्टरच्या पूर्वेला सुमारे सात मैलांवर. आदल्या दिवशी डॉर्चेस्टरमधलं शायर हॉल पाहा. जिथे शिक्षा सुनावली ते कोर्ट आता संग्रहालय आहे. गावात आधी सिकॅमोरचं झाड, मग जुनं चॅपेल, मग १९१२ ची कमान. कामगार संघटनांच्या महासंघाने १९३४ मध्ये शताब्दीनिमित्त बांधलेली सहा घरं आणि तिथलं छोटं संग्रहालय रस्त्यालाच लागतं. जुलैतल्या उत्सवात गाव लाल झेंड्यांनी आणि बँडने भरून जातं. खोलीत शांत बसायचं असेल तर ते दिवस टाळा, आणि चॅपेल कधी उघडं असतं ते निघण्याआधी ट्रस्टकडून विचारून घ्या.

शेवटी गावच्या चर्चच्या आवारात जा. एकटा हॅमेट गावी परतून राहिला, आणि १८९१ मध्ये डॉर्चेस्टरच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांना ठेवत त्या सरकारी आश्रयगृहात, वारला. त्याच्या कबरीवरचा दगड शिल्पकार एरिक गिलने १९३४ मध्ये कोरला आहे. अक्षरं जवळ जाऊन वाचा, सकाळच्या तिरप्या उन्हात ती जास्त चांगली दिसतात.